मॉरिशस : तिथी पाहून आखायची सहल

मुंबईहून मॉरिशसला जाणारी मंडळी तारखा ठरवतात त्या शाळेच्या सुट्ट्या आणि विमानाचं भाडं पाहून. माझा आग्रह असा, की या बेटावर जायचं तर आधी पंचांग पाहावं. पांढरी वाळू आणि प्रवाळाच्या कड्याआड शांत झालेला समुद्र वर्षभर तिथेच असतो. पण महाशिवरात्रीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत, किंवा गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, हे बेट जसं दिसतं तसं एरवी दिसत नाही.

हॉटेलांतही ‘सांस्कृतिक संध्याकाळ’ असते. रात्रीच्या जेवणानंतर घेरदार रंगीत झगे घातलेल्या मुली सेगा नाचतात, पाहुण्यांना हात धरून मध्ये ओढतात, तासाभरात सगळं आटोपतं. नाचणारे कलाकार कसलेले असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण तो कार्यक्रम पाहुण्यांसाठी बसवलेला असतो. मॉरिशसचे सण असे कोणासाठी बसवलेले नाहीत. कोणाचा नवस असतो, कोणाचं व्रत, कोणी आजोबांनी घातलेला पायंडा पाळत असतं. आपण गेलो नाही तरी ते तसेच पार पडणार. म्हणूनच ते पाहायला जावं, आणि जाताना पाहुण्याने पाळायची अदब सोबत न्यावी.

मॉरिशसचं मुख्य बेट सुमारे 1,865 चौरस किलोमीटरचं. आपल्या रायगड जिल्ह्यात अशी तीन बेटं सहज मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. या बेटाला मूळचे रहिवासी नाहीत. 1598 मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं आणि पुढे ते सोडूनही गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले, पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आणले. 1810 मध्ये इंग्रज आले. गुलामगिरी संपत आली तशी उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली आणि भारतातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून जहाजं सुटली. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसं अशी गेली. चिनी व्यापारी आले, गुजराती मुसलमान व्यापारी आले. जो आला त्याने आपला देव आणि आपली तिथी बरोबर आणली.

त्यामुळे इथली सरकारी सुट्ट्यांची यादी म्हणजे या बेटाचा इतिहासच आहे. वर्षाला साधारण पंधरा सुट्ट्या. त्यात तमिळांची थायपूसम कावडी, चिनी वसंतोत्सव, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ असं सगळं येतं. ख्रिस्ती लोकांचे दोन सण, 15 ऑगस्टचा मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा दिवस आणि 1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, यांना आलटून-पालटून सुट्टी मिळते. एका वर्षी एकाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. सगळ्यांना सामावून घ्यायचं तर प्रत्येकाने थोडं सरकून बसायला हवं, हे त्या यादीत स्पष्ट दिसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच सण निवडायचा असेल तर तो महाशिवरात्र. फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये येणारा. बेटाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात ग्राँ बासँ नावाचा तलाव आहे, मृत ज्वालामुखीच्या मुखात साठलेला. 1897 मध्ये उत्तरेकडच्या त्रिओले गावच्या झुम्मन गिरी गोसाईं यांना स्वप्नात हा तलाव गंगेशी जोडलेला दिसला, असं सांगतात. पुढच्याच वर्षी, 1898 मध्ये, त्रिओलेहून काही जण पायी निघाले, तलावाचं पाणी घेऊन आले आणि शिवरात्रीला त्यांनी ते पिंडीवर घातलं. तेव्हा तिथवर धड रस्ताही नव्हता. झाडी तोडत जावं लागलं. 1972 मध्ये भारतातून आणलेलं गंगाजल या तलावात विधिपूर्वक मिसळण्यात आलं आणि तो ‘गंगा तलाव’ झाला.

आज त्याच वाटेने लाखो माणसं जातात. आदल्या तीन-चार दिवसांपासून बेटाच्या कानाकोपऱ्यातून पांढऱ्या कपड्यांतले जथे निघतात. आजी-आजोबा, कडेवरची पोरं, कॉलेजातली मुलं. बरेच जण अनवाणी. उत्तरेकडच्या गावांहून तलाव चाळीस-पन्नास किलोमीटर पडतो आणि शेवटचा टप्पा चढाचा. रात्रीही चालणं थांबत नाही. वाटेत जागोजागी मांडव घातलेले असतात. तिथे सरबत, फळं, चहा, पुरी-भाजी फुकट मिळते. देणाऱ्यांत हिंदूच असतात असं नाही. आषाढातली पालखीची वाट ज्याने पाहिली आहे त्याला हे दृश्य परकं वाटणार नाही; फक्त इथे दोन्ही बाजूंना ज्वारीऐवजी ऊस असतो आणि मागे समुद्र.

या वाटेवर नजर खिळते ती कावडींवर. मुळात कावड म्हणजे खांद्यावरची बांबूची दांडी आणि दोन टोकांना पाण्याची भांडी. मॉरिशसमध्ये ती वाढत वाढत मखरासारखी, मग देवळासारखी झाली. गावातली तरुण मुलं महिनाभर संध्याकाळी जमून ती बांधतात. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, कागदाची फुलं, आरशांचे तुकडे, शंकराची मूर्ती, दिव्यांच्या माळा. काही कावडी चाकांवर ढकलाव्या लागतात, इतक्या मोठ्या असतात. मोठ्या कावडीत गावाचा अभिमान असतो हे खरं, पण तिचा धोकाही तितकाच खरा आहे. मार्च 2024 मध्ये शिवरात्रीच्या आधी एका मोठ्या कावडीचा विजेच्या तारेला स्पर्श झाला, आग लागली आणि सहा यात्रेकरूंचा जीव गेला. तेव्हापासून कावडींच्या आकाराचा प्रश्न तिथे ऐरणीवर आहे. मला विचाराल तर अजूनही दोन भावांनी खांद्यावर आलटून-पालटून वाहिलेली लहान कावडच त्या वाटेला शोभते.

तलावापाशी पोचल्यावर आधी दिसतो तो 33 मीटर उंचीचा मंगल महादेव, 2007 मध्ये उभा राहिलेला. बडोद्याच्या सूरसागरातल्या शिवमूर्तीचा नमुना पुढे ठेवून तो घडवला आहे. जवळच तेवढीच उंच दुर्गा आहे. पर्यटकांच्या बस तिथे थांबतात, फोटो काढून होतात आणि बस परत फिरतात. तुम्ही मात्र पुढे, पाण्याच्या काठावर जा. तिथे घाटाच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली असतात. केळी, नारळ, कापूर, उदबत्त्या, पाण्यात सोडलेले दिवे. चालून आलेले पाय पाण्यात सोडून कोणी नुसतंच बसून राहतं. प्रत्येक जण बाटलीत किंवा कळशीत पाणी भरून घेतो, कारण यात्रा इथे संपत नाही. ते पाणी परत गावच्या शिवालयात न्यायचं आणि शिवरात्रीच्या रात्री चार प्रहरांच्या पूजेत पिंडीवर घालायचं. ही रात्रीची गावातली पूजा पर्यटकाला सहसा कळतच नाही. जिथे उतरला असाल तिथल्या जवळच्या शिवालयात त्या रात्री अवश्य जा. कोणी अडवत नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. गंगा तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर घामाने जीव नकोसा होत असतानाही वर धुकं, वारा आणि पावसाची झड असू शकते. छत्री आणि एखादं गरम वस्त्र हवंच. दुसरं म्हणजे त्या दिवसांत तलावाकडच्या रस्त्यांवर वाहतुकीचे निर्बंध असतात, तेव्हा भाड्याची गाडी थेट वर नेण्याचा हट्ट धरू नये. शेवटचे आठ-दहा किलोमीटर यात्रेकरूंबरोबर चालावं. या सहलीतलं सगळ्यात चांगलं चालणं तेच ठरेल.

शिवरात्रीच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, थायपूसम येतो. पाहायला हा सण अधिक कठीण आहे, आणि तो कठीणच आहे हे आधी माहीत असावं. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. त्याचे भक्त दहा दिवस व्रत धरतात. मांसाहार नाही, दारू नाही, ब्रह्मचर्य. शेवटच्या दिवशी पहाटे नदीकाठी जमतात. तिथे पुजारी मंत्र म्हणत त्यांच्या गालांतून, जिभेतून चांदीच्या बारीक सुया आरपार घालतात. सुईचं टोक वेलासारखं, म्हणजे मुरुगनच्या भाल्यासारखं. काही जणांच्या पाठीवर आणि छातीवर आकड्यांना लिंबं टांगलेली असतात. कोणी खिळ्यांच्या खडावा घालतं. मग खांद्यावर कावडी चढते. ही कावडी म्हणजे लाकडी कमान. फुलं, पानं, मोरपिसं यांनी मढवलेली, आणि दोन्ही बाजूंना दुधाने भरलेले पितळी लोटे. ऐन उन्हाळ्यातलं ऊन डोक्यावर, डांबरी रस्ता, ढोल आणि नादस्वर. तासन्‌तास चालून देवळात पोचायचं आणि ते दूध मुरुगनच्या मूर्तीवर घालायचं. व्रत नीट पाळलं असेल तर दूध नासत नाही, ही श्रद्धा.

ही कावडी पाहायला पोर्ट लुई शहरातल्या सेंत-क्रुआचं कायलासोन देऊळ आणि कात्र बोर्नला कोर द गार्द डोंगराच्या उतारावरचं मुरुगनचं देऊळ, ही दोन ठिकाणं चांगली. डोंगरावरच्या देवळाला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि खांद्यावर कावडी घेऊन त्या चढणारा माणूस पाहिला की अंगावर काटा येतो. अशा वेळी मोबाइल त्याच्या तोंडापुढे नेऊ नका. तो बोलू शकत नाही. जिभेत सुई असते. त्याच्या शेजारून चालणारी आई किंवा बायको त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही, तेव्हा मध्ये यायचं नाही एवढं भान ठेवलं की झालं. मिरवणूक देवळात पोचली की आलेल्या सगळ्यांना केळीच्या पानावर सात प्रकारच्या भाज्या-आमट्या आणि भात वाढतात. ‘सेत कारी’ म्हणतात त्याला. पंगतीला बसा म्हटलं तर बसावं.

याच दिवसांत, 1 फेब्रुवारीला, बेटाच्या नैर्ऋत्य टोकावर ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी लोक जमतात. 1835 मध्ये याच तारखेला इथली गुलामगिरी कायद्याने संपली. समुद्रात घुसलेल्या या 556 मीटर उंचीच्या कड्यावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपत असत. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असं समजून अनेकांनी वरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. 2008 पासून ल मोर्न जागतिक वारसा आहे. हॉटेलातला सेगा पाहून झाला असेल तर तो इथे पुन्हा ऐका. रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणून केलेला मोठा डफ. वाजवण्याआधी तो शेकोटीवर धरून तापवतात, कातडं ताणलं जातं आणि मग त्याचा आवाज खणखणीत उमटतो. जोडीला बिया भरलेलं चपटं खोकं, माराव्हान, आणि एक लोखंडी त्रिकोण. पाय जमिनीवरून न उचलता घासत नाचायचं. दिवसभर मळ्यात राबलेल्या माणसांनी रात्री शेकोटीभोवती घडवलेलं हे संगीत 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला होणाऱ्या क्रिओल महोत्सवातही सेगा भरपूर ऐकायला मिळतो.

चिनी वसंतोत्सवाला पोर्ट लुईच्या चायनाटाऊनमध्ये फटाक्यांच्या लांब माळा, ड्रॅगनचा नाच आणि सगळीकडे लाल रंग. तांदळाच्या पिठाचा चिकट गोड ‘गातो लासिर’ चिनी घरांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातो. हा उत्सव एका सकाळीत पाहून होतो, पण तारीख जुळली तर चुकवू नये.

मग थेट सप्टेंबर. 8 तारखेच्या रात्री बेटाच्या चारी दिशांनी माणसं पुन्हा चालत निघतात, या वेळी सेंत-क्रुआकडे, म्हणजे जिथे ते कायलासोन देऊळ आहे त्याच उपनगराकडे. पेर लावाल हा फ्रेंच धर्मगुरू 1841 मध्ये इथे आला. धर्मगुरू होण्याआधी तो डॉक्टर होता. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये तो राहिला, त्यांची क्रिओल भाषा शिकला. 9 सप्टेंबर 1864 ला तो गेला. त्याच्या समाधीला रात्रभर रांग असते आणि त्या रांगेत कपाळाला टिळा लावलेले असतात, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुसलमान बायका असतात, चिनी आजीबाई असतात. शिवरात्रीला सरबत वाटणारा ख्रिस्ती माणूस आणि इथे मेणबत्ती लावणारा हिंदू, दोघेही एकाच आळीत राहणारे असू शकतात.

याच सुमारास, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, आपले गणपती येतात. मराठी वाचकाला इथे मी हक्काने थांबवणार आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांमध्ये रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं होती. नोंद करताना कारकुनाने नावं ऐकू येतील तशी लिहिली आणि पूर्वजाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. म्हणून तिथल्या मराठी आडनावांच्या शेवटी अजूनही ‘जी’ भेटतो. 1896 मध्ये आँरिएता गावात भिवाजी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असं मानतात. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला बळ दिलं त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. हे आँरिएता व्हाकोआ शहराजवळ आहे. सात धबधब्यांची दरी पाहायला पर्यटक याच गावातून उतरतात, पण गावाचं हे मोठेपण फारसं कोणाला ठाऊक नसतं.

तिथली सरकारी सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला असते. त्यामागचं कारण सरळ आहे. बहुतेकांचा गणपती दीड दिवसाचा आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी. म्हणजे तुम्हाला एकच दिवस मोकळा काढता येणार असेल तर तो चतुर्थीचा नव्हे, पंचमीचा काढा. पश्चिमेकडे कास्काव्हेलसारख्या मराठी वस्तीच्या गावांतून दुपारी मिरवणुका निघतात. टोप्या घातलेले पुरुष, ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बायका, फुलांनी सजवलेल्या पालखीत शाडूची मूर्ती. भजनं मराठी, त्यांतले काही शब्द म्हणणाऱ्यांनाही आता उमगत नसतील, पण चाल चुकत नाही. घरोघरी मोदक होतात.

आणि झाकरी. कोकणातली जाखडी तिथे या नावाने टिकली आहे. मध्ये मृदंग-ढोलकी आणि झांजवाले, भोवती रिंगण धरून नाचणारे गडी, पायात चाळ. एक पाय आपटून गिरकी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. चिपळूण-गुहागरकडच्या अंगणात गणपतीत जे रिंगण धरतात त्याच्याशी याचं नातं पहिल्याच आवर्तनात ओळखू येतं. नाचणारी मुलं घरी क्रिओल बोलतात, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकतात. त्यातली काही शाळेत मराठीही घेतात, कारण तिथे तो विषय शिकवला जातो. त्यांच्याशी मराठीत बोलून पाहा. थोडं थांबून, शब्द शोधत उत्तर येतं. कोणाच्या तोंडी जुना कोकणी हेल सापडतो. हे सगळं सव्वाशे-दीडशे वर्षं घराघरांतून जपलं गेलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. आपल्याकडे या दिवसांत पाऊस असतो. तिथे हिवाळा सरत आलेला, हवा कोरडी आणि आल्हाददायक. मूर्ती नदीत किंवा समुद्रात जाते. मोठे ध्वनिवर्धक आणि मंडळांची चढाओढ यांची सवय झालेल्या माणसाला ही मिरवणूक साधी वाटेल. मला तिचा साधेपणाच आवडतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी. त्रिओले आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी नुसतं चालत हिंडावं. या दिवसांतला खास पदार्थ म्हणजे ‘गातो पताट’: रताळं उकडून, मळून, त्यात थोडं पीठ घालून पारी करतात, आत ओलं खोबरं, साखर आणि वेलची, आकार करंजीचा, आणि तळायचं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. घरात ढीगभर होतो, कारण तो पुडे बांधून सगळ्या आळीत वाटायचा असतो, मग शेजारी ईद पाळणारा असो की नाताळ. ईदला त्या घरातून बिर्याणी येते. हिशेब चुकता होत राहतो.

दिवाळीच्या आगेमागे 2 नोव्हेंबर येतो. 1834 मध्ये या तारखेला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारावरचे पहिले 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. बंदरावरच्या ज्या दगडी पायऱ्यांवरून पुढे लाखो माणसं चढून आली, त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे आणि 2 नोव्हेंबरला तिथे त्या पूर्वजांना आदरांजली वाहिली जाते. सोहळा छोटा असतो. तो आटोपल्यावर मोकाच्या महात्मा गांधी संस्थेबद्दल चौकशी करा. मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं तिथे जपून ठेवली आहेत. नाव, वडिलांचं नाव, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाज, असं सगळं ओळीने लिहिलेलं. मॉरिशसची कुटुंबं आपलं मूळ गाव शोधायला तिथे जातात. आपल्या घरात ‘मिरच देशाला गेलेला’ एखादा पणजोबा कोणी सांगत असेल, तर जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचं पूर्ण नाव आणि गावाचं जुनं नाव विचारून कागदावर लिहून घ्या. मिरच म्हणजे मॉरिशसच, आणि शोधाला या दोन गोष्टींशिवाय सुरुवात करता येत नाही.